साक्षीदारांचे दप्तर

१९८२ सालच्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस, न्यायालयाची शेवटची स्थगिती उठताच, न्यूयॉर्क शहरातील मोरोस्को आणि हेलन हेज ह्या दोन नाट्यगृहांवर पाडकामाची यंत्रे चालली. जोसेफ पॅप ह्या नाट्यनिर्मात्याच्या पुढाकाराने नटनटींनी भर रस्त्यात निषेध केला, त्यांतील कित्येकांना पोलिसांनी अटक केली, अर्जविनंत्या झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले. परंतु सरकारदरबारचे कागद चोख होते आणि जागेचा व्यवहार पुरा झालेला होता, त्यामुळे ह्या दोहोंसह एकंदर पाच जुन्या नाट्यगृहांच्या जागेवर पुढे १९८५ साली एक टोलेजंग हॉटेल उभे राहिले. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा न्यूयॉर्कमधील पहिला प्रयोग १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाला तो ह्याच मोरोस्कोत, आणि यूजीन ओनीलचे ‘लाँग डेज जर्नी इन्टु नाइट’ हे नाटक, नाटककाराच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५६ च्या नोव्हेंबरात त्या शहराने प्रथम पाहिले ते हेलन हेज नाट्यगृहात. ज्यांचे नाव त्या इमारतीवर होते त्या हेलन हेज बाई ती पाडली गेली त्या दिवशी हयात होत्या.

इमारत पडल्याची हळहळ वाटणे साहजिक आहे, आणि नाट्यगृहालाही एक प्रकारचे क्षेत्रमाहात्म्य असते हे मला मान्य आहे. परंतु नाट्येतिहासाच्या अभ्यासकाचे खरे नुकसान त्या मार्च महिन्यात झाले नव्हते, ते त्या त्या नाटकाच्या अखेरच्या प्रयोगावर पडदा पडला त्याच रात्री होऊन चुकले होते. ली जे. कॉबने मोरोस्कोत उभा केलेला विली लोमन १९५१ सालच्या चित्रपटात शोधू जाल तर सापडणार नाही, कारण चित्रपटात ती भूमिका फ्रेड्रिक मार्चकडे गेली. आणि त्याच फ्रेड्रिक मार्चने पुढे हेलन हेज नाट्यगृहात रंगविलेला ओनीलचा थकलेला, कंजूष, आपल्याच कीर्तीने नागवलेला नट १९६२ सालच्या चित्रपटात आला तेव्हा त्याच्या अंगरख्यात राल्फ रिचर्डसन होता. कॉबला निदान १९६६ साली दूरचित्रवाणीवर ती भूमिका पुन्हा करावयास मिळाली. परंतु मधली सतरा वर्षे वजा करून मूळचा विली लोमन कसा असेल ह्याचा अदमास बांधणे हे काम शेवटी प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीवरच येऊन पडते.

संगीतकांची कथा ह्याहून विलक्षण आहे. ‘साउथ पॅसिफिक’मध्ये १९४९ साली मेरी मार्टिनने जी नायिका केली ती चित्रपटात मिट्झी गेनरने केली, ‘जिप्सी’मधील एथेल मर्मनची आई चित्रपटात रोझलिंड रसेलला मिळाली, ‘माय फेअर लेडी’ १९५६ पासून ज्युली अँड्र्यूजच्या गळ्याने गाजले आणि चित्रपटाच्या वेळी ऑड्री हेपबर्नच्या पदरात पडले, ‘हॅलो, डॉली!’ म्हणजे कॅरल चॅनिंग असे समीकरण असता पडद्यावर बार्बरा स्ट्रायसँड अवतरली. हॉलिवूडच्या व्यापाऱ्यांना तिकीट खपविणारे चेहरे हवे होते, आणि रंगभूमीवर हजारो रात्री सिद्ध झालेला चेहरा त्यांना पुरेसा परिचित वाटत नव्हता. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’पासून मूळ नटसंचाच्या आवाजात नाटकाची गाणी सलग मुद्रित करून विकण्याची चाल पडली, त्यामुळे ह्या मंडळींचे गळे तरी शाबूत राहिले. पण गाताना हात कोठे होता, वाक्य संपल्यावर डोळे किती वेळ प्रेक्षागाराकडे लागून राहिले, ॲग्नेस डी मिलने बसविलेल्या नृत्यात पहिल्या रात्री जी वीज होती ती कशी होती, ह्यांतील काहीही तबकडीवर उमटत नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बेटी कॉर्विन ह्या बाईंनी चालू नाटकांचे प्रयोग चित्रित करून ठेवण्याचा स्वतंत्र विभाग काढला तो १९७० साली. नट, नाटककार, वादक, रंगमंचावरील कामगार ह्यांच्या एकेका संघटनेची मनधरणी करीत, आणि ही चित्रणे ग्रंथालयाच्या चार भिंतींबाहेर जाणार नाहीत अशी हमी देत त्यांनी तो संग्रह उभारला. त्या सालाच्या अलीकडचा अभ्यासक सुखी आहे. पलीकडचा काळ म्हणजे थोडी छायाचित्रे, थोडी परीक्षणे, दूरचित्रवाणीच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत सादर झालेले चार-दोन तुकडे, आणि माणसे.

ह्या माणसांकडे वळून पाहण्याची बुद्धी ज्याला झाली त्या रिक मॅके ह्या अनुबोधपटकाराच्या कारकिर्दीचा परिचय पुढील पानांत मराठी वाचकाला व्हावयाचा आहे. हा गृहस्थ विद्यापीठीय इतिहासकार नव्हता आणि एखाद्या संस्थेने नेमून दिलेला दप्तरदारही नव्हता. इंडियाना राज्यातील बीच ग्रोव्ह ह्या गावाचा हा मुलगा, जुने चित्रपट आणि नाटकांच्या तबकड्या ह्यांच्या आधारे एका दूरच्या शहराचे स्वप्न रचीत वाढला, आणि विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, म्हणजे वर सांगितलेली नाट्यगृहे पडत होती त्याच सुमारास, त्या शहरात येऊन दाखल झाला. जे पाहावयास तो आला होता ते तेथे उरले नव्हते. टाइम्स स्क्वेअरचा परिसर तेव्हा बकाल झाला होता, बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या जुन्या रंगमंदिरांतून असभ्य चित्रपट चालत होते, आणि ज्यांची नावे त्याने तबकड्यांच्या वेष्टनांवर वाचली होती त्यांच्यापैकी बहुतेक घरी बसले होते. रात्रीच्या उपाहारगृहांतून गाणारा गायक म्हणून त्याने उमेदवारी केली. पुढे सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी कलाविषयक वृत्तांत तयार करता करता त्याच्या हाती कॅमेरा आला. कॅमेरा लहान, हातात मावणारा, नव्या अंकीय पद्धतीचा होता. त्याची ही तांत्रिक बाब क्षुल्लक नाही. दहा माणसांचा ताफा, दिवे आणि तारा घेऊन नव्वदीच्या म्हातारीच्या दिवाणखान्यात शिरणारा मनुष्य तिच्याकडून मुलाखत घेऊन जातो; एकटा येऊन समोर बसणारा तिच्याकडून गप्पा घेऊन जातो. मॅकेच्या चित्रपटाचा जो सलगीचा सूर आहे त्याचे निम्मे श्रेय, माझ्या मते, ह्या गरिबीला आहे.

‘ब्रॉडवे : द गोल्डन एज, बाय द लेजंड्स हू वेअर देअर’ हा त्याचा चित्रपट २००४ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, छायालेखन आणि संकलनही त्याचेच. आणि बोलणारे मात्र शंभरांहून अधिक. स्टीव्हन साँडहाइम, अँजेला लॅन्सबरी, कॅरल चॅनिंग, ग्वेन व्हर्डन, यूटा हेगन, ह्यूम क्रोनिन, जेरी ऑर्बाक, शर्ली मॅक्लेन, किम हंटर, मॉरीन स्टेपलटन अशी ही मांदियाळी आहे. हे नट कामाच्या शोधात असताना कोणत्या खोलीत राहत, पाच सेंटांचे नाणे यंत्रात टाकून काय खात, टाइम्स स्क्वेअरच्या औषधांच्या दुकानातील खाण्याच्या टेबलाशी बसून कोणत्या नाटकात कोणती भूमिका रिकामी आहे ह्याची खबर कशी काढीत, आणि तिकिटाला पैसे नसत तेव्हा मध्यंतरात बाहेर आलेल्या प्रेक्षकांत मिसळून उत्तरार्धापुरते आत कसे शिरत, ह्या हकीगती ऐकताना वाचकाला आपल्याकडच्या नाटक कंपन्यांची बिऱ्हाडे आठवल्यावाचून राहणार नाहीत. अर्धीच नाटके पाहून नाट्यशिक्षण घेतलेल्या पिढीने पुढे पूर्ण नाटके इतकी उत्तम कशी केली, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मॅकेची खरी कर्तबगारी संकलनात आहे. एकाने वाक्य आरंभावे, दुसऱ्याने ते उचलावे, तिसऱ्याने पुरे करावे, आणि चौथ्याने ‘छे, तसे नव्हतेच’ म्हणून मोडीत काढावे, अशा रीतीने वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या जबान्या त्याने एकाच बैठकीत बसविल्या आहेत. शर्ली मॅक्लेनची गोष्ट घ्या. १९५४ साली ‘द पजामा गेम’ चालू असता कॅरल हेनी ह्या मुख्य नर्तकीचा घोटा दुखावला आणि समूहात नाचणारी ही अनोळखी मुलगी तिच्या जागी उभी राहिली. त्यातून हॉलिवूडच्या निर्मात्याची नजर तिच्यावर पडली आणि ती नटी झाली. ही कथा अमेरिकेत परीकथेच्या दर्जाला पोहोचली आहे, आणि परीकथेला जेवढी पुटे चढावयाची तेवढी तिला चढलेली आहेत. ती स्वतः सांगते तेव्हा ती कथा तिच्या धांदलीची असते. प्रेक्षागारातून पाहणारा सांगू लागला म्हणजे ती त्याच्या भाग्याची होते. तपशिलांचा मेळ बसतोच असे नाही. कच्चा इतिहासकार अशा ठिकाणी एक जबानी खरी मानून बाकीच्या खोडून टाकील. मॅके खोडीत नाही, आणि दुर्दैवाने कधीकधी ताडूनही पाहत नाही.

परंतु ज्या एका प्रसंगासाठी हा चित्रपट नाट्येतिहासाच्या कोणत्याही दप्तरात जतन करावा लागेल तो प्रसंग लॉरेट टेलर हिच्यासंबंधीचा आहे, आणि तेथे मी वाचकाला थोडा वेळ थांबवू इच्छितो. १९१२ साली ‘पेग ओ’ माय हार्ट’ ह्या नाटकाने ही नटी कीर्तीच्या शिखरावर पोहोचली. १९२८ साली पती निवर्तल्यावर मद्यपानाने तिला ग्रासले. रंगभूमीने तिची आशा जवळजवळ सोडली होती. अशा स्थितीत टेनेसी विल्यम्स ह्या तेव्हाच्या अज्ञात नाटककाराच्या ‘द ग्लास मिनॅजरी’मधील आई तिच्याकडे आली. १९४४ च्या डिसेंबरात शिकागोत आणि ३१ मार्च १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते नाटक उघडले. आणि १९४६ च्या डिसेंबरात ती मरण पावली. मॅकेच्या चित्रपटात एकामागून एक थोर नट, ज्यांच्या कलेच्या पद्धती परस्परविरुद्ध आहेत, ज्यांचे एरवी कशावरही एकमत व्हावयाचे नाही, ते सर्व एकाच नावाशी येऊन थांबतात: आम्ही पाहिलेला सर्वश्रेष्ठ अभिनय लॉरेट टेलरचा. तिने काय केले असे विचारले तर कोणालाच धड सांगता येत नाही. तिने काहीच केले नाही, असे ते म्हणतात; ती नुसती बोलत होती, रस्त्यावरची बाई चुकून रंगमंचावर आली आहे असे वाटे, असे म्हणतात. आणि शब्द अपुरे पडून ते गप्प होतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो.

ह्यानंतर मॅके एक पुरावा पुढे ठेवतो. १९३८ साली डेव्हिड सेल्झनिक ह्या चित्रपटनिर्मात्याने एका भूमिकेसाठी लॉरेट टेलरची चाचणी घेतली होती, ती भूमिका तिला मिळाली नाही, पण चाचणीची फीत राहिली. तिच्या बोलत्या अभिनयाचे तेवढेच चित्रण आज उपलब्ध आहे. अवघ्या काही क्षणांचा तो तुकडा पाहिल्यावर इतका वेळ ऐकलेल्या साक्षी एकदम प्रमाण ठरतात. १९३८ सालच्या सरासरी चित्रपटनटीचा आवाज, हातवारे, भुवया ह्यांची ज्याला कल्पना आहे त्याला ही बाई कोणत्या तरी पुढच्या काळातून आल्यासारखी वाटते. साक्षीदारांची जबानी आधी, अस्सल कागद नंतर, असा क्रम लावण्यात मॅकेने जे चातुर्य दाखविले आहे ते केवळ नाट्यपूर्णतेसाठी नाही. कागद आधी दाखविला असता तर आपण तो एक जुना तुकडा म्हणून पाहिला असता, कारण काय पाहावयाचे हे आपल्याला ठाऊक नसते; साक्षीदारांनी आधी आपल्याला पाहावयास शिकविले म्हणून तो तुकडा बोलका झाला.

मराठी इतिहासविद्येच्या वाचकाला येथे एक जुना वाद आठवेल. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती घेतली तिच्यापुढे बखरकारांची अब्रू फारशी उरली नाही. पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे एका बाजूस आणि मागाहून, ऐकीव माहितीवर, धन्याची मर्जी सांभाळून लिहिलेल्या बखरी दुसऱ्या बाजूस ठेवल्यावर निवाडा कोणीकडे जावा हे उघड होते. त्या निकषावर मॅकेचा चित्रपट ही बखरच होय. पन्नास-पन्नास वर्षांनंतरच्या आठवणी, त्याही नटांच्या, म्हणजे ज्यांचा व्यवसायच प्रसंग खुलवून सांगण्याचा. सनावळीला आधार नाही. आणि प्रत्येकाचा तरुणपणाशी लोभ. परंतु राज्यकारभाराचा इतिहास आणि प्रयोगाचा इतिहास ह्यांत एक भेद आहे. लढाईची तारीख, फौजेचा आकडा, तहाची कलमे ही पत्रांत सापडतात आणि तेथेच त्यांचे प्रामाण्य असते. नाटकाच्या प्रयोगाची मात्र अर्धी घटना प्रेक्षकाच्या मनात घडते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही कागदात नसते. लॉरेट टेलरला पाहून तरुण नटांच्या एका पिढीने आपली अभिनयाची कल्पनाच बदलली, ही घटना ऐतिहासिक आहे, आणि तिचा दाखला त्या नटांच्या जबानीवाचून अन्यत्र मिळणे शक्य नाही.

जबानी नोंदविण्याच्या कामात मुदत नावाची एक निष्ठुर गोष्ट असते. ग्वेन व्हर्डन २००० च्या ऑक्टोबरात वारली. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’च्या १९४७ सालच्या मूळ नटसंचात मार्लन ब्रँडोच्या पत्नीची भूमिका करणारी किम हंटर २००२ च्या सप्टेंबरात गेली. नाट्यविषयक व्यंग्यरेखांचा अनभिषिक्त राजा अल हर्शफेल्ड, जो आपल्या चित्रांतील केसांच्या बटांत आणि वस्त्रांच्या चुण्यांत मुलीचे नाव लपवून ठेवी आणि वाचकांना रविवारी सकाळी उद्योगास लावी, तो नव्याण्णव वर्षांचा होऊन २००३ च्या जानेवारीत निवर्तला. त्याच वर्षी ह्यूम क्रोनिन. २००४ च्या जानेवारीत यूटा हेगन. ही सर्व मंडळी चित्रपट पुरा होऊन प्रदर्शित होण्यापूर्वी गेली. ‘किंग काँग’ची नायिका म्हणून जगाला ठाऊक असलेली फे रे, जिने १९३१ साली ‘निकी’ ह्या नाटकात आर्ची लीच नावाच्या एका तरुणाबरोबर काम केले होते आणि ज्याला पुढे जगाने कॅरी ग्रँट म्हणून ओळखले, ती प्रदर्शनानंतर दोनच महिन्यांनी गेली. मॅकेशी तिचा स्नेह अखेरपर्यंत होता.

ह्यांपैकी यूटा हेगनच्या साक्षीचे मोल विशेष आहे. १९४३ साली पॉल रोबसनच्या ऑथेलोसमोर ती डेस्डेमोना होती. गोऱ्या नटसंचात कृष्णवर्णी ऑथेलो ब्रॉडवेवर उभा राहतो, आणि तो प्रयोग शेक्सपिअरच्या नाटकांपुरता तेथील विक्रम ठरतो, ह्या घटनेची ती रंगमंचावरून पाहणारी साक्षीदार. ‘स्ट्रीटकार’मध्ये जेसिका टँडीनंतर ब्लांशची भूमिका तिने केली. १९६२ साली ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’मधील मार्था प्रथम तिची, आणि चित्रपटाच्या वेळी तीही, वर सांगितलेल्या रिवाजाप्रमाणे, एलिझाबेथ टेलरकडे गेली. शिवाय ती थोर शिक्षिका होती, त्यामुळे आपण काय केले हे शब्दांत मांडण्याची सवय तिला होती, जी नटांत दुर्मिळ असते. अशी एक व्यक्ती नोंद न होता गेली असती तर किती प्रयोग तिच्याबरोबर दुसऱ्यांदा मेले असते ह्याचा हिशेब वाचकानेच करावा.

गुणांचा मुलाहिजा राखून दोष सांगितले पाहिजेत. ‘तेव्हाचे दिवस आता राहिले नाहीत’ हे पालुपद चित्रपटात इतक्या वेळा येते की त्याविषयी शंका घेण्याची इच्छा होते. सुवर्णयुग म्हणून ज्या काळाचा हा गौरव आहे तो काळ स्थूलमानाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू होऊन साठीच्या आसपास संपतो; परंतु १९२७-२८ च्या एका हंगामात ब्रॉडवेवर अडीचशेहून अधिक नवी नाटके उघडली होती, आणि बोलपट व मंदी ह्यांच्या आघाताने ही संख्या पुढे झपाट्याने उतरत गेली, म्हणजे संख्येच्या दृष्टीने पाहता मॅकेचे सुवर्णयुग हे उतरणीवरचे आहे. उत्कर्ष आणि उतरण एकाच वेळी कशी चालू होती हा ह्या विषयातील सर्वांत मनोरंजक प्रश्न, आणि त्याला चित्रपट जवळजवळ हात लावीत नाही. रंगभूमीचा अर्थव्यवहार, वर्णभेद, पन्नाशीच्या दशकात कलावंतांच्या मागे लागलेला राजकीय चौकश्यांचा ससेमिरा, ह्या गोष्टींना आठवणींच्या ह्या मैफलीत दुय्यम आसन मिळाले आहे. त्याच २००४ सालच्या ऑक्टोबरात मायकेल कँटरची ‘ब्रॉडवे : द अमेरिकन म्युझिकल’ ही सहा भागांची मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आली; तिच्यात संशोधकांचे साहाय्य आहे, कालक्रम आहे, सामाजिक पार्श्वभूमी आहे, आणि ज्याला ब्रॉडवेच्या संगीतकाचा इतिहास शिकावयाचा आहे त्याने आधी तिच्याकडेच जावे. मॅकेकडे जावयाचे ते इतिहास जगलेल्यांच्या सहवासासाठी. दोन्ही कामे एकाच वर्षी पूर्ण झाली हा अभ्यासकाला मोठाच लाभ आहे, कारण एकातील उणीव दुसऱ्यात भरून निघते.

आपल्या रंगभूमीच्या संदर्भात ह्या चरित्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी करील. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर उभे राहिले, आणि तीन महिने उलटतात न उलटतात तोच केशवराव गेले. त्या रात्रीविषयी आपणास जे ठाऊक आहे ते सारे आठवणींतून. नटाने आपली कैफियत कागदावर मांडण्याची परंपरा मात्र आपल्याकडे बळकट आहे: गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही पुस्तके कोणत्याही भाषेने अभिमानाने मिरवावी अशी आहेत, आणि लिखित गद्याचा जो ठहराव त्यांत आहे तो मॅकेच्या कोणत्याही साक्षीदाराच्या बोलण्यात नाही. परंतु बोडस एखादी जागा कशी घेतली हे लिहून सांगतात, तेव्हा वाचक ती जागा वाचतो. सत्तरी ओलांडलेली ग्वेन व्हर्डनसारखी नर्तकी बोलता बोलता खांदा किंचित वळवते, तेव्हा पाहणाऱ्याला ती जागा दिसते. लिहिता न येणारे, किंवा ज्यांना कोणी लिहावयास सांगितले नाही असे साथीदार, रंगभूषाकार, पडदा ओढणारे ह्यांची तर गोष्टच वेगळी. बालगंधर्व १९६७ पर्यंत आपल्यात होते, ‘धर्मात्मा’मुळे १९३५ सालचा त्यांचा पुरुषवेष आपणास पाहता येतो, आणि तरीही त्यांच्या स्त्रीभूमिकांच्या भोवती उभे असलेल्या माणसांच्या सजीव साक्षी किती थोड्या जमा झाल्या, हे ह्या विषयाच्या अभ्यासकांना मी सांगावयास नको.

मॅकेची पुढील कारकीर्द समाधानाची झाली असे म्हणवत नाही. पहिल्या चित्रपटाच्या गौरवानंतर त्याने दुसरा भाग हाती घेतला, आणि एकट्याने काम करण्याचा जो गुण होता तोच आता अडसर झाला. साधन वाढले, कलावंतांची संख्या वाढली, नाटकांतील गाण्यांचे आणि जुन्या चित्रणांचे हक्क मिळविण्याचा खर्च वाढला, आणि वर्षांमागून वर्षे गेली. ‘ब्रॉडवे : बियाँड द गोल्डन एज’ ह्या नावाचा हा भाग ‘बाय बाय बर्डी’पासून ‘अ कोरस लाइन’, ‘शिकागो’ ह्यांच्या काळापर्यंत येतो. २०१८ च्या जानेवारीत, साठी नुकतीच ओलांडलेली असता, मॅके अचानक मरण पावला, आणि ज्याने इतरांच्या मुदतीशी एवढी झुंज घेतली त्याच्या स्वतःच्या मुदतीचा विचार कोणीच केला नव्हता असे दिसून आले. दुसरा भाग २०२१ साली सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आला. संकल्पित तिसरा भाग झाला नाही.

आता वाचकाला एवढेच सांगावयाचे की पुढील पाने उलटण्यापूर्वी त्याने, मिळाल्यास, पहिला चित्रपट पाहून घ्यावा, आणि एकदा रमून पाहिल्यावर दुसऱ्यांदा हातात कागद-पेन्सिल घेऊन पाहावा. कोण कोठे होता, कोणी स्वतः पाहिले आणि कोणी ऐकलेले सांगितले, ह्याची नोंद करीत गेल्यास त्यातील बखर आणि त्यातील दप्तर आपोआप वेगळे होऊ लागेल. आणि ज्यांच्या हाती मॅकेचा संग्रह आज असेल त्यांना एक विनंती. चित्रपटात आले ते प्रत्येक साक्षीदाराचे काही क्षण. कातरीखाली न आलेले त्यांचे संपूर्ण बोलणे, त्यातील अडखळण्यासह, विसंगतींसह आणि रटाळपणासह, तारीखवार सूची करून एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे आणि अभ्यासकांना ते विनाअट पाहू द्यावे.